माणूस तपासला, काम कोण तपासणार?

करिअरचा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, ‘आवडेल तेच कर, पैसा मागून येतो.’ दुसरा म्हणतो, ‘आवडीने पोट भरत नाही, आधी पायावर उभा राहा, छंद सुटीच्या दिवशी जप.’ दोघांच्याही पोतडीत उदाहरणं भरपूर असतात. आवडीमागे धावून नावारूपाला आलेले आणि आवडीमागे धावून देशोधडीला लागलेले, दोन्ही प्रकारचे लोक जगात आहेत. त्यामुळे वाद वर्षानुवर्षं रंगतो आणि निकाल लागत नाही. तो लागणारही नाही, कारण दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे: समाधान क्षेत्राच्या नावात दडलेलं असतं, योग्य क्षेत्र सापडलं की काम फत्ते. माझं म्हणणं असं की गेल्या शंभर वर्षांतलं मानसशास्त्रीय संशोधन या गृहीतकाच्या विरोधात साक्ष देतं. कामातलं समाधान क्षेत्राच्या नावापेक्षा त्या कामाच्या रोजच्या घडणीवर जास्त अवलंबून असतं: निर्णय कोण घेतं, काम कसं झालं हे कळतं की नाही, सोबत कोण आहे, आपल्या कामाचं पुढे काय होतं. आणि नेमकी हीच घडण करिअर निवडताना कोणी तपासत नाही.

आधी आकडे बघू. २०२० साली केव्हिन हॉफ आणि सहकाऱ्यांनी आवड आणि क्षेत्र यांची जुळणी व कामातलं समाधान यांवरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र केले. त्यांत सुमारे ४० हजार लोकांची माहिती होती. सहसंबंध निघाला ०.१९. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत संबंध, एवढं लक्षात ठेवलं की या आकड्याचा आवाका कळतो. दोन्ही गोष्टींची विभागणी नेहमीसारखी घंटाकृती (बहुतेक लोक मध्याजवळ, टोकांना थोडे) धरली, तर ज्यांची आवड क्षेत्राशी मधल्या माणसापेक्षा जास्त जुळते अशा १०० जणांपैकी साधारण ५६ जण मधल्या माणसापेक्षा जास्त समाधानी निघतील. नुसत्या नाणेफेकीत ५० निघालेच असते. आता पगाराकडे वळू. २०१० साली टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी पगार आणि समाधान यांवरचं संशोधन असंच एकत्र केलं, सहसंबंध ०.१५, म्हणजे त्याच हिशेबाने १०० पैकी ५५. आवड की पगार या प्रश्नावरून आईवडील आणि मुलं महिनोन्‌महिने अबोला धरतात, ते या ५६ आणि ५५ साठी.

याउलट कामाच्या घडणीचे आकडे बघा. २००७ साली स्टीफन हम्फ्री, जेनिफर नारगँग आणि फ्रेडरिक मॉर्गेसन यांनी २५९ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यांत दोन लाखांहून जास्त लोक होते. स्वायत्तता, कामातून मिळणारा प्रतिसाद (म्हणजे काम कसं झालं हे कळणं), कौशल्यांची विविधता यांचा समाधानाशी सहसंबंध ०.४ ते ०.५ च्या पट्ट्यात आला. म्हणजे १०० पैकी ६३ ते ६७. वरिष्ठ आणि सहकाऱ्यांचा आधारही कुठे मागे नव्हता.

इथे प्रतिपक्षाचा पहिला आणि रास्त आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. या अभ्यासांत ‘तुला कामात किती मोकळीक आहे?’ आणि ‘तू किती समाधानी आहेस?’ हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा एकाच माणसाला विचारलेले असतात. खूश माणूस सगळीकडे चांगले गुण देतो, वैतागलेला सगळीकडे वाईट. त्यामुळे आकडा फुगतो. आवडीच्या जुळणीत मात्र एका बाजूला चाचणीचे गुण आणि दुसऱ्या बाजूला व्यवसायाचं ठरलेलं वर्गीकरण असतं, म्हणून तिची परीक्षा जास्त कडक होते. शिवाय ज्यांचं अजिबात जमलं नाही ते क्षेत्र सोडून गेलेले असतात. उरलेल्यांतच मोजमाप केलं की जुळणीचा परिणाम आहे त्याहून लहान दिसतो. हे सगळं खरं आहे. पण या दोन्ही सुधारणा करून आवड घडणीच्या पुढे जाते, असं दाखवणारा पुरावा कुठे आहे? आणि हाच दोष आवडवाल्यांच्या लाडक्या आकड्यालाही लागू पडतो. २००५ साली एमी क्रिस्टॉफ-ब्राउन आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि काम यांच्या जुळणीचा समाधानाशी संबंध ०.५६ दाखवला, तो आकडा अनेकदा पुढे केला जातो. त्यातली जुळणी मुख्यतः माणसाच्या स्वतःच्या भावनेवरून मोजलेली आहे. ‘हे काम तुला जुळतं का?’ आणि ‘तू या कामात समाधानी आहेस का?’ हे जवळपास एकाच प्रश्नाचे दोन अवतार झाले. त्यावरून दहावी-बारावीच्या वयात क्षेत्र कसं निवडावं, याचं उत्तर मिळत नाही.

सर्वेक्षणं बाजूला ठेवून प्रयोगांकडे जाऊ. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर होता. काम कंटाळवाणं, नकार ऐकण्याचं. त्यांतल्या एका गटाची त्या देणग्यांमधून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली. महिन्याभराने त्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. पगार तोच, क्षेत्र तेच, माणसांच्या आवडी त्याच. बदललं एवढंच, की आपल्या कामाचं पुढे काय होतं हे त्यांना दिसलं. आता सांगा, या लोकांची आवड-चाचणी घेऊन ‘तुमचं क्षेत्र चुकलं’ असा निष्कर्ष आधीच काढला असता, तर तो कितपत बरोबर ठरला असता?

मग आपण माणूस मोजतो आणि काम का मोजत नाही? याचं उत्तर इतिहासात आहे. करिअर मार्गदर्शनाची पद्धतशीर सुरुवात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्होकेशन ब्यूरो काढून केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: स्वतःला नीट ओळखा; वेगवेगळ्या कामांच्या गरजा, यशाच्या अटी, फायदे-तोटे, मोबदला आणि संधी समजून घ्या; मग या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. म्हणजे दुसरी पायरी पहिलीइतकीच भक्कम होती. मग आलं पहिलं महायुद्ध. १९१७ पासून अमेरिकी सैन्याने मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अल्फा आणि बीटा या बुद्धिमत्ता चाचण्या सुमारे १७ लाख जवानांना दिल्या आणि एक गोष्ट सिद्ध झाली: माणसांना घाऊक भावात मोजता येतं. १९२७ साली एडवर्ड स्ट्राँग यांची आवड-चाचणी आली, १९५९ साली जॉन हॉलंड यांनी आपला सिद्धान्त मांडला आणि पुढे वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी, पद्धतशीर अशा सहा प्रकारांचा त्यांचा षट्‌कोन जगभर गेला. प्रश्नपत्रिका छापायला स्वस्त, तपासायला सोपी. काम मोजायचं तर मात्र कामाच्या जागी जावं लागतं, दहा माणसांना भेटावं लागतं, वरिष्ठांची नाराजी पत्करावी लागते. त्यामुळे पार्सन्स यांची पहिली पायरी उद्योग झाली आणि दुसरी पायरी माहितीपत्रकात आटोपली. पायाचं माप मिलिमीटरपर्यंत घ्यायचं आणि चप्पल न बघताच विकत घ्यायची, असा हा प्रकार आहे.

आवड म्हणजे थोतांड, असं म्हणणारा दुसरा तटही तितकाच चुकतो. २००५ साली डग्लस लो आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब काढला. आवडी पौगंडावस्थेतही बऱ्यापैकी स्थिर असतात, कॉलेजच्या वयात आणखी घट्ट होतात आणि पुढची दोन दशकं तशाच राहतात, असं त्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०१२ साली ख्रिस्तोफर नाय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवडीची जुळणी कामाची गुणवत्ता आणि चिकाटी यांचा अंदाज बऱ्यापैकी देते. म्हणजे आवड माणसाला टिकवते आणि घडवते. रोज संध्याकाळी समाधानाने घरी पाठवण्याची हमी मात्र ती देत नाही. हा फरक ‘आवड, आवड’ करणाऱ्यांनी आणि ‘आवडीला काय चाटायचंय’ म्हणणाऱ्यांनीही मनावर घ्यायला हवा. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचा २०१८ चा अभ्यास यात एक धोका जोडतो. कृष्णविवरांवरची सोपी चित्रफीत पाहून सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा किचकट लेख वाचायला दिल्यावर, आवड ही जन्मजात ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा उत्साह इतरांपेक्षा जास्त घसरला. ‘तुझी खरी आवड शोध’ असं सारखं ऐकत वाढलेलं मूल पहिली कठीण चढण लागताच ‘ही माझी आवड नव्हतीच’ असं ठरवून मोकळं होतं, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणून चाचणी देऊच नका असं मी म्हणणार नाही. ती वाचायला शिका. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली तीन अक्षरं, म्हणजे सर्वाधिक गुण मिळालेल्या तीन प्रकारांची आद्याक्षरं, हा त्यातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग असतो. आधी सहाही प्रकारांचे मूळ गुण मागून घ्या. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गुणांत अंतर किती आहे ते बघा. ते कमी असेल तर आवडी अजून वेगळ्या झालेल्या नाहीत आणि त्या अहवालावरून क्षेत्र ठरवणं घाईचं आहे. मग पहिल्या-दुसऱ्या क्रमांकातलं अंतर. हॉलंड यांच्या स्व-मार्गदर्शित चाचणीत ८ पेक्षा कमी गुणांचा फरक हा फरक धरतच नाहीत. तरीही ‘तू शोधक आहेस, उद्यमी नाहीस’ असे निवाडे चार-पाच गुणांच्या जोरावर दिले जातात आणि मुलाची शाखा बदलते. याउलट सर्वांत खाली पडलेला प्रकार दोन वेगवेगळ्या वेळी दिलेल्या चाचणीत तळालाच राहिला, तर ती माहिती मोलाची आहे. चाचणीचा खरा उपयोग नावं खोडण्यासाठी आहे. सहापैकी एक-दोन दिशा खोडल्या की उरलेल्या दिशांमध्ये निवड चाचणीने करू नये. ती कामं बघून करावी.

कामं बघायची कशी? रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात यासाठी पाच गोष्टी नेमक्या केल्या: कौशल्यांची विविधता, काम अखंड असणं, कामाचं महत्त्व, स्वायत्तता आणि प्रतिसाद. प्रत्येकीला १ ते ७ गुण द्यायचे. पहिल्या तिघांची सरासरी काढून तिला स्वायत्ततेने आणि प्रतिसादाने गुणायचं. जास्तीत जास्त ३४३. पुढे यित्झाक फ्रीड आणि जेरल्ड फेरिस यांच्या १९८७ च्या पडताळणीत या गुणाकारापेक्षा साधी बेरीज सरस ठरली, तेव्हा बेरीजच करा. अडचण सूत्रात नसते, उत्तरं मिळवण्यात असते. ‘तुमच्या कामात स्वातंत्र्य आहे का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘कुणालाही न विचारता तुम्ही घेतलेला शेवटचा निर्णय कोणता आणि तो कधी घेतला?’ उत्तर द्यायला माणूस अडखळला, तर गुण २ च्या वर जात नाहीत. प्रतिसादासाठी: ‘काम चांगलं झालं की बिघडलं हे तुम्हाला किती दिवसांनी कळतं आणि कोणाकडून?’ अखंडतेसाठी: ‘गेल्या महिन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याच हातून गेलेलं एक काम सांगा.’ आणि काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं, ते तासागणिक सांगायला लावा. ‘नेहमी काय करता’ असं विचारू नका. नेहमीचं वर्णन माणूस नकळत सजवतो, कालचा दिवस सजवणं अवघड जातं.

कोणाला विचारायचं हेही तितकंच महत्त्वाचं आहे. भरती करणारा माणूस माल विकत असतो. वीस वर्षं मुरलेला ज्येष्ठ ज्या कामाबद्दल बोलतो, ते काम नवख्याला पहिली दहा वर्षं मिळणारच नसतं. नुकता रुजू झालेलाही कामाचा नाही: वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली व्यवस्थापकांच्या नोकरी-बदलाचा अभ्यास केला, तेव्हा नव्या नोकरीत समाधान आधी उसळतं आणि मग ओसरतं, असं दिसलं. म्हणून त्या पदावर एक ते तीन वर्षं काढलेल्या निदान तिघांना भेटा, आणि शक्य असेल तर तिथून बाहेर पडलेल्या एकाला. तिघेही वेगवेगळ्या वरिष्ठांच्या हाताखालचे हवेत. एकाच क्षेत्राच्या एकाच पदावर तीन वेगळी चित्रं समोर आली तर गोंधळू नका; क्षेत्राचं नाव किती कमी सांगतं, याचाच तो पुरावा आहे. एमी रेझ्नेस्की यांच्या १९९७ च्या अभ्यासात २४ कार्यालयीन सहायक होते. जवळपास सारखंच काम करणारे हे लोक ‘ही नुसती नोकरी’, ‘ही प्रगतीची शिडी’ आणि ‘हे माझं जीवितकार्य’ अशा तिन्ही गटांत साधारण सारखेच विभागलेले निघाले.

यावर उरलेला सर्वांत खोल आक्षेप असा: समाधान हा मुळात स्वभावाचा भाग आहे, क्षेत्र बदला नाहीतर काम बदला, ते तेवढंच राहणार. रिचर्ड आर्व्ही आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अगदी लहानपणापासून वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्या तपासल्या आणि कामातल्या समाधानातला सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक असल्याचं मांडलं. मला हा निष्कर्ष अमान्य नाही. पण जोड्या फक्त ३४ आहेत हे लक्षात ठेवलं पाहिजे, आणि त्यांचा आकडा जसाच्या तसा घेतला तरी ७० टक्के शिल्लक राहतातच. शिवाय हा आक्षेप ‘योग्य क्षेत्र’ शोधणाऱ्यांनाच जास्त बोचतो: स्वभाव सोबत येणारच असेल तर क्षेत्राच्या निवडीवर एवढा जीव टाकायचा कशाला?

त्याहून टोकदार पुरावा रिकी ग्रिफिन यांचा आहे आणि तो माझ्या बाजूला अडचणीत टाकतो. त्यांनी बँकांच्या काउंटरवर काम करणाऱ्यांच्या कामाची घडण बदलल्यावर चार वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष १९९१ साली आले. समाधान लगेच वाढलं आणि काही काळाने पूर्वीच्या पातळीवर परतलं. माणसाला चांगल्याची सवय होते, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच अभ्यासात कामाची गुणवत्ता सुरुवातीला हलली नव्हती, ती पुढे वाढली. मेल्विन कोह्न आणि कार्मी स्कूलर यांनी १९७८ साली दहा वर्षांच्या माहितीवरून असंच काही दाखवलं होतं: गुंतागुंतीचं, स्वतः विचार करायला लावणारं काम माणसाची बौद्धिक लवचीकता वाढवतं. म्हणजे आजचा समाधानाचा पारा हा एकच निकष लावणंही अपुरं आहे. दहा वर्षांनी हे काम मला कसा माणूस बनवेल, हा प्रश्न ‘मला काय आवडतं’ याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचंही उत्तर क्षेत्राच्या नावात नाही, कामाच्या घडणीतच मिळतं.

ज्यांच्यावर कर्ज आहे, घर चालवायची घाई आहे, त्यांच्यासाठी ही सगळी चर्चा चैनीची वाटेल. पहिला पगार घरात येणं हीच त्यांची निकड असते आणि कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने त्यात नाक खुपसू नये. पण आवडीचा उपदेश सर्वांत महाग पडतो तो अशांनाच. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्प्सन यांच्या २००९ च्या अभ्यासात प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची निगा राखणारे अनेक कर्मचारी कामाला जीवितकार्य मानणारे होते, आणि त्यासाठी पगार, वेळ, आराम यांवर पाणी सोडायला तयार होते. जे युन किम आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं की कामगार कामावर जीव टाकणारा आहे असं कळलं, की त्याला जादा राबवणं, बिनमोबदल्याचं काम सांगणं लोकांना जास्त रास्त वाटतं. कामाची घडण बदलणं मालकाच्या हातात असतं. ती वाईट असताना ‘तुझं क्षेत्र चुकलं, तुझी आवड वेगळी असेल’ असं कामगारालाच सांगितलं, की मालक सुटला आणि दोष माणसाच्या माथी आला.

म्हणूनच मागणी दोन ठिकाणी करायला हवी. मालकांनी कामाचं खरं चित्र आधी दाखवावं. १९७३ साली जॉन वॅनस यांनी टेलिफोन ऑपरेटर होऊ पाहणाऱ्यांच्या एका गटाला नेहमीची गुळगुळीत आणि दुसऱ्याला कामाच्या कटकटी दाखवणारी चित्रफीत दाखवली. दुसऱ्या गटाच्या अपेक्षा जमिनीवर आल्या, पण नोकरी नाकारणाऱ्यांची रांग लागली नाही. नंतरच्या अभ्यासांत अशा पद्धतीने नोकरी सोडण्याचं प्रमाण थोडंच घटलेलं दिसतं. तरीही तिचा खर्च एका चित्रफितीचा आहे, आणि ती न दाखवण्याला ‘उमेदवार बिथरतील’ ही सबब आता टिकत नाही. दुसरी मागणी समुपदेशकांकडे. मार्गदर्शनाची चार सत्रं असतील तर चाचणी आणि तिचा अहवाल एका सत्रात आटपावा. उरलेल्या तीन सत्रांत विद्यार्थ्याने काम करणाऱ्या माणसांना भेटून आणलेली उत्तरं टेबलावर मांडावीत, पाचही गोष्टींना गुण द्यावेत, आणि जिथे उत्तर आलंच नाही त्या रकान्यासाठी त्याला पुन्हा त्या माणसाकडे पाठवावं.